गाठाळलेली मुळं

टोमॅटोची रोपं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची. पाणी कमी पडत असेल, असं मी आठ दिवस स्वतःला समजावलं. मग एक रोप उपटलं. मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली होती. सूत्रकृमी! डोळ्यांना न दिसणारे हे जंत मातीतून मुळांत शिरतात आणि झाड आतून सुकवत नेतात.

माझ्या मातीत ते आहेत, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांना दाद न देणारा वाण मी निर्मलाच्या रोपवाटिकेतून मागून घेतला होता. निर्मला माझी शाळेपासूनची मैत्रीण. उपटलेलं रोप घेऊन मी तिच्याकडे गेले.

मुळं पाहून तिने नजर खाली केली. "त्या वाणाची रोपं कमी पडली गं. बाहेरगावची गिऱ्हाईकं भांडली असती. तू आपली, समजून घेशील, म्हणून तुला साधी दिली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती वळून वाफ्यांना पाणी घालू लागली.

परतताना वाटलं, परक्यांशी माणूस धाकाने का होईना, सरळ वागतो. माझ्या मायेची तिला पुरती खात्री होती, आणि नेमकी तीच तिने वापरली.

मी सगळी रोपं उपटून जाळली आणि तिथे झेंडू लावला. त्याच्या मुळांमुळे हे जंत कमी होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निर्मला फुलं मागायला आली. मी टोपली भरून दिली. "ये, बस," असं मात्र म्हणाले नाही.