डॅशबोर्डवरचा दिवा

देवीवरचा माझा विश्वास कधी उडाला नव्हता. परंतु गेल्या कार्तिकात तो डळमळला होता, हे प्रथम नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. डिचोलीच्या मामलेदार कचेरीसमोर मी अनेक वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तरी माझ्या मसुद्यातला शब्द बदलावा असे भल्या भल्या कारकुनांना वाटलेले नाही. लोक येतात, अर्धेमुर्धे बोलतात, आणि त्यांचे म्हणणे मी योग्य शब्दांत मांडतो. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची सवय इतकी जडली आहे की, समोरचे माणूस गप्प आहे हेही कधीकधी माझ्या ध्यानात येत नाही.

माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. तिला आठवड्यातून दोनदा मुळगावहून म्हापशाला डायलिसिससाठी न्यावे लागते. त्यासाठी ठेवलेली आमची जुनी व्हॅन पावसाळा सरता सरता वाटेत बंद पडू लागली. इंजिनाचा पिवळा इशारा पेटे, दोन-चार हिसके बसत, आणि गाडी निपचित होई. कधी पाच मिनिटांनी आपोआप चालू होई, कधी होतच नसे. गॅरेजात स्कॅनर लावला की दर खेपेस तो नवाच दोष दाखवी. एक सेन्सर बदलला, मग दुसरा. शेवटी मी स्वतः सर्व बाबींचा अभ्यास करून, अनुक्रमांक घालून, एक निवेदन तयार केले: गाडीची पूर्वपीठिका, झालेल्या दुरुस्त्या, आणि अखेरीस मागणी, की इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून मिळावा. गॅरेजवाल्याने ते वाचून मान डोलावली. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी दुसरा कॉम्प्युटर बसवण्याचे ठरले. देवी सातेरीपुढेही मी जवळपास त्याच शब्दांत विनंती केली, की तोवर गाडी चालावी.

ती चालली नाही. मंगळवारी आम्ही इतके उशिरा पोचलो की पत्नीची जागा दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. तिचे पाय सुजले, उशीला टेकून बसल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. 'शुक्रवारची पाळी चुकवू नका,' एवढेच डॉक्टर म्हणाले. शुक्रवारसाठी भाड्याची गाडी सांगून ठेवली होती. त्या माणसाने सकाळीच फोन करून नकार कळवला. तेव्हा देवीच्या मनात आहे तरी काय, असा विचार मनात आणूनच मी व्हॅनची किल्ली फिरवली.

धुके इतके दाट होते की रस्ता चाकाखाली येईपर्यंत दिसत नव्हता. गावाबाहेर, जिथे खाणी बंद पडल्यापासून त्यांचे ट्रक वर्षानुवर्षे उभे आहेत, तिथे गाडीने हिसके दिले आणि ती थांबली. ते ट्रक तुम्ही पाहिले असतील. स्टिअरिंगमधून वेली बाहेर आल्या आहेत, हौद्यांत तांबडी माती आहे आणि मातीत गवत. धुक्यात ते एखाद्या झोपलेल्या कळपासारखे दिसत होते. पक्ष्याचाही आवाज नव्हता. ऐकू येत होता तो फक्त पत्नीचा श्वास, अपुरा, मोजून घेतल्यासारखा. मला क्षणभर असे वाटले की आपण दोघे या जगातून थोडे बाजूला येऊन उभे आहोत, आणि आता आपल्याला कोणी शोधणार नाही.

दोन ट्रकांमधून खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस आला. पूर्वी याच ट्रकांचे वायरिंग करायचा, आता त्यांची राखण करतो, असे त्याने मागाहून सांगितले.

"काय झालां, भाऊ?"

मी खिशातून निवेदन काढून त्याच्या हाती दिले. त्याने ते उभ्या उभ्या, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचले आणि घडी घालून परत केले.

"अर्ज बरो लिवलास. पण गाडयेक वाचूक येना."

मग तो पत्नीच्या बाजूच्या खिडकीशी वाकला. "वैनी, तुमी बाजूक बसतास. बंद पडायच्या आदी तुमका कायतरी दिसता?"

"तिला गाडीतले काही..." मी सुरुवात केली.

"तुमका नाय इचारलंय."

तिने एक श्वास घेतला, मग दुसरा. "देवीचो दिवो आदी बारीक जाता. मागीर गाडी बंद पडता. दर खेपेक तसांच."

डॅशबोर्डवर देवीच्या तसबिरीपुढे गाडीच्याच बॅटरीवर चालणारा एक लहानसा तांबडा दिवा आहे. तो तिनेच हट्टाने बसवून घेतला होता. माझी नजर रस्त्यावर असे. तिची त्या दिव्यावर.

"मगे माका सांगलां कित्याक नाय?" मी म्हणालो.

"तुमी इचारलास खंय? गॅरेजांत तुमी कागद वाचताले, मी गाडयेत बसून आसलंय."

तो माणूस हसला, पण लगेच बोनेटकडे वळला. "फकत सेन्सर बिघडलो आसतो तर दिवो कित्याक बारीक जातलो? सगळ्यांकच करंट कमी मेळता. कॉम्प्युटराक पोटभर मेळना, म्हणान तो बरळता."

त्याच्याकडे दोन तारा जोडलेला एक साधा बल्ब होता. बॅटरीच्या दोन टोकांना लावला तेव्हा तो लख्ख पेटला. मग एक तार बॅटरीवरच ठेवून दुसरी त्याने इंजिनाच्या लोखंडाला टेकवली आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. बल्ब मंदावला, म्हणजे दोष बॅटरीत नव्हता, मधल्या वायरीत होता. बॅटरीपासून इंजिनाला जाणारी जाड काळी वायर त्याने सोडवली आणि तिचे आवरण चाकूने उभे चिरले. वरून ती धडधाकट दिसत होती. आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. त्याने बोल्टाची जागा घासून चकचकीत केली, पिशवीतला वायरचा तुकडा बसवला, आणि बाजूला झाला.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. इंजिन एकसुरात गुणगुणू लागले. धुके तांबूस होत चालले होते. पत्नी दिव्याकडे पाहत होती, आणि दिवा स्थिर होता. म्हापशाला आम्ही वेळेत पोचलो. यंत्र सुरू झाल्यावर तासाभराने तिला डोळा लागला, आडवी होऊन, कित्येक दिवसांनी.

लोक मला विचारतात, तो माणूस पुन्हा कधी दिसला का. त्यांच्या मनात काय असते ते मला कळते. दिसला. तो दोडामार्गकडचा, तिथेच राहतो, चहात साखर जास्त घेतो आणि आपल्या जावयाला नावे ठेवतो. त्याने माझ्यावरची देवीची कृपा अणुमात्र कमी होत नाही. देवीने कोणाला पाठवले याहून तिने कोणाला बोलते केले, याचेच मला अधिक नवल वाटते. उत्तर इतके दिवस माझ्या शेजारच्या आसनावर बसून होते, आणि मी देवीला उपाय सुचवत होतो. शरण जाणे म्हणजे उत्तम शब्दांत मागणे, असे मी समजत आलो होतो. आता वाटते, आपल्या शब्दांना जरा थांबवावे, म्हणजे दुसरा कोणाचा तरी आवाज येतो.

पत्नीचा आजार गेलेला नाही. आठवड्यातून दोनदा आम्ही जातो. त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी आम्ही देवळात गेलो, तेव्हा नारळ हाती घेऊन पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले, देवीला काय सांगू म्हणून. मी पत्नीकडे बोट दाखवले.

ती उंबऱ्याला धरून हळूहळू खाली बसली. मग म्हणाली, "आयलंव गे माये. दोगांय आयलंव."

पुजारी आणखी काहीतरी येईल म्हणून थांबला होता. मी त्याला मानेने खुणावले, एवढेच सांग.