आत्याच्या तुरटीवर आळ

घ्या, आधी चहा घ्या. माझा गाढवपणा ऐकायचा तर बसूनच ऐका.

सेलूत माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान, मागं घर. उन्हाळ्यात कॉम्प्युटर असा तापायचा की वाटायचं, वरात निघायच्या आधी हाच पेटतो! मग मी व्हिडिओ बघूबघून त्याला पाण्यानं थंड करायची सोय स्वतःच बसवली. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, बाजूला रेडिएटर, मधून नळ्या अन् टेबलावर पाण्याची पारदर्शक टाकी. काय रुबाब सांगू!

दोन महिन्यांत पाणी गढूळ झालं. तळाशी पांढरा गाळ. नळ्या तुंबल्या, कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. अन् दुसऱ्या दिवशी एका नवरीच्या बापाला व्हिडिओ द्यायचा!

त्याच आठवड्यात येलदरीहून माझी आत्या राहायला आली होती. तिला पाणी दिसलं की तुरटी फिरवायची सवय. सकाळी बघतो तर आत्या हातात तुरटी घेऊन टाकीत वाकून बघायलीय!

झालं! पांढरा गाळ म्हणजे तुरटीच, दुसरं काय?

"आत्या, तू यात तुरटी फिरवली?"

"मी? न्हाई बा. मी माठात फिरवून आले. मला वाटलं माशाची टाकी हाय, अन् मासे मेलेत."

"खोटं नको बोलू! माझ्या मशीनचं वाटोळं केलंस!"

आता, त्या टाकीचं झाकण आटे फिरवून घट्ट बसवलेलं. मला स्वतःला ते पक्कड लावून उघडावं लागतं. पण रागात एवढं सुचतंय कुणाला?

आत्यानं तुरटी तिथंच ठेवली. पिशवी भरली अन् निघून गेली.

मी परभणीच्या पार्टवाल्याला फोन लावून गाळाचं सांगितलं.

"रेडिएटर कशाचा बसवलाय?" त्यानं विचारलं.

"अ‍ॅल्युमिनियमचा. जुना होता, घासून चकचकीत केला."

"अन् ठोकळा?"

"तांब्याचा."

"साहेब, हे दोन धातू एका पाण्यात ठेवले तर अ‍ॅल्युमिनियम झिजणारच, त्याचाच हा पांढरा गाळ! सगळं तांब्या-पितळेचं पाहिजे, अन् गंज धरू न देणारं, बाटलीतलं तयार पाणी टाकायचं. बसवलं कुणी हे?"

"होता एक जण," मी म्हणालो.

रेडिएटर सोडवून बघितला. आतून वाळवी लागल्यासारखा खाल्लेला!

तसाच बसस्टँडला पळालो. आत्या येलदरीला जायला जिंतूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेली. डोळे लाल. मला लय वाईट वाटलं. सगळ्यांसमोर कान धरले, सगळं कबूल केलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तांब्यासंगं जर्मल जोडलं व्हय तू? आरं, तांब्याच्या घागरीला जर्मलचं ठिगळ आमच्या गावचा कासार बी लावत न्हाई!"

जर्मल म्हणजे तिच्या भाषेत अ‍ॅल्युमिनियम. बाकावरच्या बाया खदखदून हसल्या. आत्याही हसली, अन् पिशवी माझ्या हातात दिली.

व्हिडिओ मित्राच्या कॉम्प्युटरवर कसाबसा पुरा केला. नंतर रेडिएटर तांब्याचा बसवला, तयार पाणी टाकलं. आता मशीन गार चालतंय, अन् आत्याही अजून इथंच राहिलीय.

पण दुकानात कुणी विचारलं, "दादा, मलाबी असलं बसवायचंय, काय काय घेऊ?" की मी तोंड उघडायच्या आत मागच्या घरातून आत्याचा आवाज येतो, "त्याला नका इचारू. मला इचारा!"

अन् खरं सांगू? लोक तिलाच विचारतात.