नोलीन आणि उलट्या तारखा

‘एकेचाळीस ओळी वाचता आल्या नाहीत. पुढे जायचं का?’ असं पडद्यावर आलं आणि मी ‘हो’ दाबलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला; न वाचता पुढे जायची सवय पोरांनीच मला लावली. शिवाय समोर लिंडसे हॉक्रिज घड्याळाकडे बघत बसला होता, त्याचा कुत्रा बाहेर गाडीत भुंकत होता आणि मागे तीन माणसं आपापले लॅपटॉप पोटाशी धरून उभी होती.

“झालं?” लिंडसेने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. “आता हा प्रोग्रॅम तुला पुढच्या सहा महिन्यांचंसुद्धा सांगेल.”

त्याने ते खरं मानलं. चूक माझी, आणि विश्वास त्याचा. दोन्ही मिळून पुढचा गोंधळ झाला.

मी बसलो होतो ती खुर्ची माझी नव्हे, नोलीन ट्रेगारची. आमच्या गावातली बँकेची शाखा बंद झाली तेव्हा एकतीस वर्षं काउंटरवर काढलेल्या नोलीनला बँकेने एक घड्याळ दिलं. ते तिने दोन आठवड्यांत शाळेच्या लॉटरीला बक्षीस म्हणून देऊन टाकलं, कारण ते दिवसाला चाळीस सेकंद मागे पडायचं. शाखेच्या जागेत आता सुगंधी मेणबत्त्या विकतात. नोलीन त्या बाजूने जात नाही, समोरच्या फुटपाथने जाते. आणि दर गुरुवारी सकाळी वाचनालयातल्या मागच्या टेबलाशी बसते. घरखर्चाचा प्रोग्रॅम कुणाचा अडला की तो माणूस तिच्याकडे येतो.

बसते म्हणायचं एवढंच. स्वस्थ बसणं तिला जमत नाही. प्रोग्रॅम उघडायला वेळ लागला तर तेवढ्यात ती वाचनालयाच्या चहाच्या ट्रेमधली साखरेची पाकिटं मोजून ठेवते. तिचा नियम एकच: माऊसला हात लावायचा तो ज्याचा पैसा त्यानेच. आणि तिचा प्रश्नही एकच: “शेवटचं बरोबर कधी होतं?”

माणसं सुरुवात करतात ती बिघाडापासून. पासवर्ड, बायको, जावई, सरकार असं सगळं ऐकवतात. नोलीन पट्टी आणि पेन्सिल पुढे सरकवते. बँकेचा कागद डावीकडे, पडदा उजवीकडे. जो महिना शेवटचा जुळला होता तिथपासून एकेक ओळ पट्टीखाली धरायची आणि टिकमार्क करायचा. बेकरीवाल्या जॉइसचे पैसे एकाच दुपारी दुप्पट झाले होते आणि ती कुणाला काही न सांगता नवा सोफा बघून आली होती. तिने एकाच महिन्याच्या बँकेच्या नोंदी दोनदा उतरवून घेतल्या होत्या. धान्याच्या कोठारावरचा एक गडी रडकुंडीला आला, की आपण दर पंधरवड्याला दोनशे डॉलर उधळतो ते कुठे हे कळत नाही. ते तो स्वतःच्याच बचतखात्यात टाकत होता आणि प्रोग्रॅम त्याला खर्च म्हणत होता.

“तू उधळ्या नाहीस रे,” नोलीन त्याला म्हणाली, “तू नुसता बावळट आहेस. ते स्वस्त पडतं.”

तर अशी ही नोलीन मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन गुरुवार गावाबाहेर जाणार होती. जाताना मला बजावून गेली, “मास्तर, नुसतं बसायचं. नावं लिहून घ्यायची. कुणाला काही दाबू द्यायचं नाही आणि स्वतः तर मुळीच दाबायचं नाही.”

माणसाला एवढा अविश्वास सहन होत नाही.

ती परत आल्यावर पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी आठला माझं दार वाजलं. दारात नोलीन. एका डोळ्यावर अजून पारदर्शक झाकण, हातात बेकरीच्या फळ्यावरून काढून आणलेलं कार्ड.

“हे वाच.”

गाडीमागे जोडून न्यायच्या त्याच्या फिरत्या घराबद्दल लिंडसेच्या अक्षरात लिहिलं होतं: कॅराव्हॅन विकणे आहे, नवे टायर, साडेनऊ हजार.

“लिंडसे व्हॅन विकतोय?” मी म्हणालो. “ईस्टर झाला की नवरा-बायको निघणार होते ना?”

“निघणार होते. ग्लेनिसची बहीण पश्चिम किनाऱ्याला असते. एकोणीस वर्षांत भेट नाही, आणि ती बहीण आता आजारी आहे. म्हणून तर टायर घेतले होते.” ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन टोस्टचे तुकडे एका रेषेत लावायला लागली. “जॉइस म्हणते, अकराला माणूस येतोय व्हॅन न्यायला. लिंडसेने तिला सांगितलं की कॉम्प्युटरने पैसे पुरत नाहीत म्हणून सांगितलंय. त्याच्या कॉम्प्युटरला शेवटचा हात कुणाचा लागला, मास्तर?”

मी टोस्ट खात नव्हतो, तरी मला ठसका लागला.

हॉक्रिजांचं घर माझ्या घरासमोरच. आम्ही गेलो तेव्हा लिंडसे व्हॅन धूत होता. ग्लेनिस आतली भांडी काढून खोक्यात भरत होती. किटली, दोन पेले, दोन ताटल्या. नोलीनने तिच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

“लिंडसे, लॅपटॉप आण.”

“राहू दे गं नोलीन. जे आहे ते आहे.”

“ते काय आहे तेच बघायचंय. आण.”

आमच्या गावात माणूस मूळव्याधीबद्दल बोलेल, पण पैशाबद्दल बोलणार नाही. लिंडसेने लॅपटॉप अंगणातल्या टेबलावर आणून ठेवला, पण तोंड व्हॅनकडेच. पडद्यावर जूनअखेरचा आकडा लाल अक्षरांत: उणे चार हजार दोनशे.

“येणारे खर्च वाच,” नोलीन म्हणाली. तिची बोटं टेबलावर वाजत होती. साडेआठ झाले होते.

“दोन एप्रिल, नगरपालिकेचा कर. एक मे, दोन टायर.”

“आणखी दोन टायर? व्हॅनला पाय किती आहेत?”

“असेल काहीतरी. दोन जून, दाताचा डॉक्टर, सहाशे चाळीस.”

“दाताला काय झालंय?”

“काढला ना. हा इथला.” लिंडसेने गाल ओढून खिंडार दाखवलं.

“काढला. आणि जूनमध्ये?”

“जूनमध्ये...” लिंडसे थांबला.

“एक दात दोनदा काढायचा म्हणजे मधे तो परत लावावा लागेल,” नोलीन म्हणाली. “पहिल्यांदा काढला कधी?”

व्हॅनच्या दारातून ग्लेनिस म्हणाली, “सहा फेब्रुवारी. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. केकसुद्धा खाल्ला नव्हता याने.”

नोलीनने माझ्याकडे वळून पाहिलं. झाकणाआडचा डोळासुद्धा माझ्याकडेच होता.

“सहा, दोन,” ती म्हणाली. “सहावा दिवस, दुसरा महिना. हा प्रोग्रॅम अमेरिकेतला. तिकडे महिना आधी लिहितात. त्याने वाचलं सहावा महिना, दुसरा दिवस. भरून झालेली बिलं त्याने अशी पुढे नेऊन ठेवलीत. आणि जिथे तारीख बाराच्या पुढची, तिथे तेराव्या महिन्याचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून ओळच टाकून दिली. पेन्शनच्या निम्म्याअधिक नोंदी त्यातच गेल्या. त्याने विचारलं असेल की पुढे जायचं का. विचारलं होतं का रे, मास्तर?”

“विचारलं होतं,” मी म्हणालो.

“आणि तू भूगोलाचा माणूस.”

लिंडसेने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ते जास्त लागलं.

मग तिने त्याच्याकडूनच सगळं करून घेतलं. आधी आहे त्याची प्रत. मग माझी सगळी भर पुसून टाकली. मग सेटिंगमध्ये दिवस आधी, महिना नंतर. मग बँकेची फाईल पुन्हा आत. या खेपेला एकही ओळ टाकली गेली नाही, तरी ती पट्टी घेऊन बसलीच. लिंडसे टिकमार्क करत होता, ग्लेनिस उभ्या उभ्या एप्रनची दोरी बोटाला गुंडाळत होती, आणि मी घड्याळाकडे बघायचं टाळत घड्याळच बघत होतो. दहा चाळीसला जूनअखेरचा आकडा उजाडला: अधिक पाच हजार शंभर.

ग्लेनिस खोक्याकडे गेली आणि तिने किटली उचलली.

“ठेव ती,” लिंडसे म्हणाला. आवाज अगदी हळू. “मी शब्द दिलाय. पाचशे डॉलर इसार घेतलाय.”

“परत कर,” मी म्हणालो.

“पैसे परत करता येतात, क्लाइव्ह.”

लिंडसेच्या बापाने एकदा मेंढ्या विकायचा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी भाव दीडपट झाला, तरी त्याच दराने दिल्या, ही गोष्ट गावात अजून सांगतात. ग्लेनिसने किटली खोक्यात ठेवली. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

वॉरिक नावाचा उंच माणूस उतरला. दीडशे किलोमीटर गाडी चालवून आला होता, मागे व्हॅन जोडायचा आकडासुद्धा चकचकीत करून आणला होता. नोलीनने माझ्या पाठीत बोट खुपसलं.

“सांग त्यांना. तूच सांग.”

मी सांगितलं. तारखा, दात, एकेचाळीस ओळी. वॉरिकने सगळं ऐकून घेतलं आणि लिंडसेला विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

“व्हॅन तुमची,” लिंडसे म्हणाला.

“हे बघा, मला वाईट वाटतं,” वॉरिक म्हणाला, “पण पुढच्या आठवड्यात आम्हालाही निघायचंय. उत्तरेकडच्या उन्हात, थंडी काढायला. मी रिकाम्या हाताने परत गेलो तर बायको मलाच आकड्याला जोडेल.”

“म्हणजे तुम्हाला व्हॅन हवी आहे,” नोलीन म्हणाली. “हीच हवी असं नाही.”

“चालणारी हवी.”

नोलीन रस्त्यापलीकडे बघत होती. माझ्या शेडचं दार उघडं होतं. आत माझी कॅराव्हॅन. निवृत्तीच्या दिवशी बावीस हजारांना घेतलेली. पाच हिवाळे झाले, ती शेडच्या उंबऱ्याबाहेर आली नव्हती. तिच्यात मी रंगाचे डबे ठेवतो.

“नोलीन,” मी म्हणालो.

“त्या व्हॅनपेक्षा दहा वर्षांनी नवी आहे,” ती वॉरिकला सांगत होती. “तोच भाव. साडेनऊ. इसार लिंडसेकडून मास्तरकडे जाईल. शब्द लिंडसेचाच राहील, फक्त पाळणारा बदलेल. चालेल ना लिंडसे?”

लिंडसे माझ्याकडे बघायला लागला. ग्लेनिसही. असं कुणी बघत राहिलं की माणसाला फार विचार करता येत नाही. मी किल्ली आणायला गेलो. रंगाचे डबे काढायला वीस मिनिटं लागली; ते वॉरिकनेच काढले, शीळ घालत.

व्हॅन कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. पलीकडे ग्लेनिस खोक्यातली भांडी परत लावत होती, लिंडसे टायर पुन्हा धूत होता. नोलीन माझ्या रिकाम्या शेडमध्ये उभी राहून जमिनीवरचे डबे उंचीप्रमाणे लावत होती.

“बाई,” मी म्हणालो, “उद्या मला कुठे जावंसं वाटलं तर?”

“मंगळवारी बस असते.”