कठड्याची परीक्षा

नळदुर्गच्या आमच्या घरातला लाकडी जिना दुरुस्त करायला आलेले मिस्त्री साठीच्या पुढचे होते. कानावर पेन्सिल, गालात सुपारी. कठड्यावरून हात असा फिरवायचे, जणू बाजारात बैल पारखतायत. करकरणाऱ्या पायऱ्या त्यांनी पाचरी मारून गप्प केल्या, कठडा पॉलिशपेपरनं घासला, आणि मग पायजमा सावरून वरून खाली सर्रकन घसरत आले.

आई ओरडली, "अवो मिस्त्री, वय काय, करताव काय!"

"लेकरं घसरणारच की, वहिनी. म्हणून आधी म्या घसरतो. कुसळ राहिलं असंल तर मला टोचंल."

संध्याकाळी कठड्याला वॉर्निशचा हात देऊन, "सकाळपर्यंत कुणी शिवायचं न्हाय," असं बजावून ते गेले.

सकाळी येऊन बघतात तर वॉर्निश वरपासून खालपर्यंत पुसलेलं. मी माझ्या पोरांना दरडावत होतो. मिस्त्रींचं लक्ष मात्र पाठमोऱ्या आईकडं गेलं. तिच्या लुगड्याला मागं तपकिरी पट्टा लागला होता.

त्यांनी ब्रश बुडवला. "वहिनी, कुसळ न्हाय ना टोचलं?"

"न्हाय," आई म्हणाली, आणि पदर मागं ओढून चहा टाकायला गेली.