कंपाउंडर काकांची अंजिरं

शेजारचे कंपाउंडर काका तेलात बुडवलेली कापसाची काडी आधी स्वतःच्या कानात फिरवत आणि मग तीच काडी अंजिराच्या बुडाला लावत. लग्न होऊन मंगरूळपीरला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी हे भिंतीवरून माझ्या या डोळ्यांनी पाहिलं.

तेलाचं बोट लावलं की अंजीर लवकर पिकतं, असं ते म्हणत. त्यांचं झाड मोरीच्या पाण्यावर वाढलेलं. साबण, चुळा, भांड्यांची खरकटी, सगळं त्याच्या बुडाशी. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठ-आठ दिवस येत नाही, तेव्हा गोड बहार गळून जायचा. उरायचा तो थंडीतला खट्टा बहार. पौषाच्या गारठ्यात ती फळं महिनामहिना हिरवी टांगलेली असत, आणि शेवटी पिकण्याऐवजी मऊ पडत.

तसलं पहिलं अंजीर काकांनी नव्या सुनेचं कौतुक म्हणून माझ्यासाठी आणलं. सुपारीच्या अडकित्त्यानं कापलं. अडकित्त्याच्या धारेला तंबाखूचा काळा थर. आत चार मुंग्या. काकांनी 'फूऽ' करून त्या उडवल्या, त्यासोबत थोडी थुंकीही उडाली, आणि फोड पुढे केली. "खाय सूनबाई. मुंगी कोनाच्या भिडेनं येत नाई."

मी तोंडात घातली आणि सगळ्यांसमोर अंगणात थुंकले. पाणचट, वर चिकाची खाज. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र मांडीवर थाप मारून हसले. "सार्‍या गल्लीत एक तरी खरी जीभ आली बाप्पा! बाकीचे माहं मन राखतात, अन् माहं झाड तसंच राह्यते."

तेव्हापासून दर हिवाळ्यात माझी ही शिक्षा सुरू झाली. काकांना मरण्याआधी एक अंजीर खरोखर गोड झालेलं पाहायचं होतं, आणि ते ठरवायचं होतं मी. कधी बकऱ्याची हाडं पुरायचे, कधी सडलेल्या माशांचं पाणी घालायचे. त्या दिवसांत आम्ही खिडक्या लावून जेवत असू. मग अडकित्ता, मुंग्या, फुंकर, फोड. मी थुंकायची. "काय कमी आहे वं?" ते विचारत. "गोडी," मी म्हणे. ते मान हलवून पुन्हा काडी घेऊन झाडाकडे जात. एकदाही रागावले नाहीत. गल्लीतले बाकीचे "वा काका" म्हणत आणि घरी जाऊन फोड उकिरड्यावर टाकत. मला त्या फोडीची किळस येई, पण त्या लोकांची अधिक.

गेल्या हिवाळ्यात काकांचं पोट बिघडलं ते सुधरेनाच. अकोल्याहून तपासून आणलं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं. मी भेटायला गेले, तर मुलानं दाराशीच हात जोडले. "वहिनी, बाबांले काई माहीत नाई. तुमी सांगू नका."

काका उन्हात बाजेवर पडून होते. चादर केवढी, आणि आत माणूस केवढासा! त्यांनी मुलाला अंजीर तोडायला लावलं आणि स्वतः कापलं. आंबूस वास आला. गरात एक पांढरी अळी वळवळत होती. ती त्यांना दिसली नाही, मला दिसली. तरी फोड घेतली, डोळे मिटले आणि गिळली.

"गोड झालं काका. या वर्षी खरंच गोड झालं."

मी ते वाक्य बोलले आणि अळीपेक्षा माझ्याच जिभेची मला शिसारी आली.

काकांनी उरलेली दुसरी फोड चघळली. मग हातावर थुंकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाप्पा," ते हळूच म्हणाले, "इतकं झालं का मले?"

मुलगा तोंड फिरवून घरात गेला. काकांनी मोरीकडे बोट केलं. "जाय, चूळ भरून ये. अन् मंग खरं सांग."

मी चूळ भरली. परत येऊन बाजेवर त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं.