आधी वरचं बूच

नाटे गावच्या तुळसाने वीस वर्षं मासळीची टोपली घेऊन एसटीत चढताना लोकांची कुरकूर ऐकली. चाळिशी उलटल्यावर मात्र ती गाडी शिकली, जुनी व्हॅन घेतली आणि राजापूरच्या बाजाराला आपली आपण जाऊ लागली.

यंदा दिवाळीनंतर व्हॅनचा दुसरा गिअर अडायला लागला. सकाळी चढणीवर दांडा ढकलताना मनगट भरून येई. बाजारातल्या गॅरेजवाल्याने विचारलं, "गिअरचं तेल कधी बदललं होतं?" तुळसाला सांगता येईना. तिने गाडीचं पुस्तक दाखवून त्यात लिहिलेलं तेल घेतलं नि घरी आली. नवरा दादू मासेमारीच्या लाँचीचं इंजिन सांभाळायचा. त्याला हे काम अवघड नव्हतं.

रविवारी वारा होता, लाँच किनाऱ्यालाच. तेल जरा गरम व्हावं म्हणून तुळसाने एक फेरी मारली आणि व्हॅन सपाट कातळावर उभी केली. चाकांना दगड लावले. दादू पाना घेऊन खाली सरकला.

"खालचं बूच काढतो. घाण जाऊ दे सगळी."

"थांबा! आधी वरचं काढा, तेल भरायचं."

"कशाला गो? आधी तेल काढायचं की भरायचं?"

"ते निघालंच नाही तर? जुनं तेल गेलं नि नवं भरता येईना, तर गाडी काय इथेच ठेवायची?"

दादू हसला आणि वरच्या बुचाला पाना लावला. ते हलेना. पाना सटकून त्याच्या बोटाचं साल निघालं. त्याने बोट फडक्याला पुसलं.

"तुळसा, तुझं खरं हो."

गंज सोडवायचा स्प्रे मारून दोघं सावलीत भाकरी-सुकट खात बसली. मग पान्याला लांब पाइप लावून जोर दिल्यावर बूच कुरकुरत सुटलं. दादूने भोकात बोट घातलं. तेल काठाशी असायला हवं होतं, पण बोट कोरडंच बाहेर आलं.

"चांगलंच कमी आहे. तेल अडवणाऱ्या त्या रबरी सीलला ओल दिसते, तिथूनच गळतंय. तेही गॅरेजात बदलून घेऊ."

मग खालचं बूच काढलं. काळं, उग्र वासाचं तेल परातीत उतरलं. बुचाच्या चुंबकाला चिकटलेला काळा लगदा दादूने बोटांत चोळून पाहिला. लोखंडाचा तुकडा एकही नव्हता.

"गिअरचे दात शाबूत आहेत."

नवा वॉशर घालून बूच घट्ट झालं. वरून तुळसा नळीतून तेल ओतू लागली, दादू खालून भोकाकडे बघत राहिला.

"आलं काठाला! बस, बस!"

दादूने वरचं बूच आवळलं. जुनं तेल तुळसाने गॅरेजला द्यायला डब्यात भरून ठेवलं.

सोमवारी शेजारची गोदूबाई टोपल्या घेऊन तिच्याबरोबर निघाली. बसल्यापासून सुनेचं काही ना काही सांगतच होती. चढण आली. तुळसाने दुसरा गिअर टाकला, तो लोण्यासारखा बसला. गोदूबाईला पत्ताही नव्हता. तुळसा मात्र मनाशी हसत होती.

"हसतेस काय गो? माझी सून खरंच तसं म्हणाली!"

"सांगा ना, ऐकतेय मी," तुळसा म्हणाली.