ऑपरेटरबाईंचा कॉर्डलेस

"दाखवू नका, हातात द्या."

बाईंचं हे वाक्य आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या परिचयाचं होतं. कुणी लग्नपत्रिका आणली, कुणी गावाहून नवी पैठणी आणली, की बाई उजवा तळवा पुढे करायच्या. बोटं किंचित वाकलेली, मान डावीकडे कललेली. पत्रिकेवरून अंगठा फिरवून म्हणायच्या, "गणपती उठावाचा आहे. मुलीकडच्यांनी हौस केलीये हो!" आणि ते खरंच निघायचं.

लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली होती. गाव दापोलीकडचं. टेलिफोन ऑपरेटर म्हणून नेमणूक झाली आणि पंचविशीच्या बाई एकट्या सिल्वासाला आल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांची खुर्ची बदलली नाही. मी त्याच कचेरीत आवक-जावक बघायचो, आणि राहायला डोकमर्डीत त्यांच्या शेजारी होतो. मध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण. त्यामुळे बाई मला दोन्हीकडून माहीत. कचेरीत त्या 'बाई', आमच्या गल्लीत 'ताई'.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्याशेजारी बसलं की आपलंच काहीतरी कमी आहे असं वाटतं. बाईंना कचेरीतले, पोलीस ठाण्यांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांच्या फाटकांवरचे नंबर तोंडपाठ होते. नव्या साहेबांचा आवाज त्यांना आठवड्यात ओळखू यायचा. पंधरा दिवसांत त्यांचा खोकलाही. वासोण्याच्या सिंहांच्या सफारीतून फोन आला की कधीकधी मागून डरकाळी ऐकू यायची. बाई शांतपणे म्हणायच्या, "आधी त्यांना जेवायला घाला. मग जोडते."

निवृत्तीच्या वेळी आम्ही त्यांना चांदीची समई द्यायचं ठरवलं होतं. बाईंना कुणकुण लागली. मला बोलावून म्हणाल्या, "समई कुणासाठी? मला उजेडाचं काय करायचंय? फोन द्या. दोरी नसलेला. आणि तो मी निवडणार."

"बाई, हल्ली सगळे मोबाइल घेतात," मी म्हटलं.

"घेऊ देत. त्या काचेवर बोट ठेवलं की कुठे पडलं ते कळत नाही. शिवाय मोबाइल एका माणसाचा असतो. घरचा फोन घराचा असतो."

तेव्हा मला वाटलं, जन्मभर फोनपाशी बसलेल्या बाईला सवय सोडवत नाही, एवढंच.

शनिवारी दुपारी आम्ही बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार गुजराती, स्वभावाने भला. पण त्याने बाईंच्या हातातली पांढरी काठी पाहिली आणि पुढचा प्रश्न मला विचारला. "भाई, इनको कौन सा कलर दिखाऊँ?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "कलर मुझे सुनाई नहीं देता. हाथ में दीजिए."

पहिला फोन गुळगुळीत होता. बाईंनी त्यावरून एकदाच बोट फिरवलं. "याला नाकडोळेच नाहीत," म्हणून परत केला. दुसऱ्याची बटणं उठावाची, पण पाचाच्या बटणावर ठिपका नव्हता. तो ठिपका सापडला की बाकीचे आकडे आपोआप बोटाखाली येतात, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी फोन वापरत होतो आणि पाचावर ठिपका असतो हे मला ठाऊक नव्हतं!

दुकानदाराने मग खास माल काढला. "बेन, आ जुओ! कोणाचा फोन आला ते हा स्वतः बोलतो."

त्याने दुकानातल्या मोबाइलवरून त्यावर फोन लावून दाखवला. फोनमधली बाई इंग्रजीत एकेक आकडा सांगू लागली. आमच्या बाईंनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं.

"फार सावकाश बोलते हो," त्या म्हणाल्या. "एवढ्या वेळात मी तीन फोन जोडले असते."

चौथा फोन त्यांना हातात घेताक्षणी आवडला असावा, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्या त्याला परीक्षेला बसवत होत्या. हँडसेट खाचेत ठेवला की टुण्‌ असा आवाज येतो का? उलटा ठेवला तर येत नाही ना? चार वेळा ठेवून, उचलून पाहिलं. मागचं झाकण नखाने उघडलं आणि आतले सेल चाचपले. साधे पेन्सिल सेलच्या आकाराचे होते. "हे बरं. हे कुठेही मिळतील. तारेने बांधलेली बॅटरी असली की दुकानदारही बांधलेला लागतो." हँडसेट कुठे राहिला ते कळत नसेल, तर खालच्या बैठकीवरचं बटण दाबलं की तो वाजतो, असं दुकानदार म्हणाला. बाईंनी मला हँडसेट कुठेतरी लपवायला सांगितला. मी तो कपाटामागे ठेवला. त्यांनी बटण दाबलं आणि काठी टेकत थेट कपाटापाशी गेल्या.

"अब रेंज," बाई म्हणाल्या.

तो जोडीचा फोन होता, दोन हँडसेटचा. एक दुकानदाराच्या हातात देऊन दुसरा कानाला लावून बाई दुकानाबाहेर पडल्या. मी शेजारून चाललो. भर बाजारात, रिक्षा चुकवत, बाई पावलं मोजत होत्या आणि फोनवर दुकानदाराला सांगत होत्या, "बोलत राहा. काहीही बोला. गिऱ्हाइकाशी भांडा हवं तर." एकेचाळिसाव्या पावलाला खरखर आली. बाई थांबल्या, दोन पावलं मागे आल्या, समाधानाने मान हलवली. घरातल्या फोनपासून फाटकापर्यंत एकोणीस, तिथून आमच्या ओट्यापर्यंत सोळा, हा हिशेब त्या घरूनच करून आल्या होत्या.

परत आलो तेव्हा दुकानदाराने आपली खुर्ची पुढे सरकवली होती. आता तो माझ्याकडे बघतही नव्हता. "बैठो, बेन. इतके साल से बेच रहा हूँ, किसी ने इतना नहीं पूछा."

"अजून एक," बाई म्हणाल्या. "लाइट गेल्यावर?"

"लाइट गेली की बंद, बेन. याला वीज लागते."

"मग बॅटरीचा डबा द्या. आणि एक जोडणी द्या, म्हणजे माझा जुना दोरीचा फोनही त्याच लाइनवर चालू राहील. त्याला वीज लागत नाही."

शेवटी त्यांनी कमरेला अडकवायची क्लिप आणि कानाला लावायचा हेडसेट मागितला. "घरी हेडसेट कशाला?" मी विचारलं.

"भाकरी थापताना फोन आला तर?"

दुसरा हँडसेट त्याच संध्याकाळी त्यांनी कुंपणावरून माझ्या बायकोच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे राहू दे. मी आंघोळीला गेले तर उचलायचा. एक्स्चेंज बंद ठेवायची मला सवय नाही."

एक्स्चेंज! आम्ही दोघं हसलो. महिनाभरात आमचं हसू थांबलं.

आमच्या मागच्या चाळींमध्ये धुळे-नंदुरबारकडची पुष्कळ कुटुंबं राहायची. नवराबायको दोघंही कारखान्यात. बऱ्याच ठिकाणी मोबाइल फाटकावर जमा करून आत जावं लागायचं, म्हणजे आठ तास माणूस जगातून नाहीसाच. घरी पोराला ताप आला, गावी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं, तरी सुट्टी होईपर्यंत कळायचं नाही. बाईंनी या बायकांना आपला नंबर दिला. पोरांकडून पाठ करून घेतला. मग काही झालं की पोरं बाईंना फोन करायची आणि बाई कारखान्याच्या फाटकावर.

"नमस्कार. डोकमर्डीवरून बोलतेय. पॅकिंगमधल्या मंगलबाईंना निरोप द्यायचाय. लिहून घ्या."

समोरचा लिहून घ्यायचाच. आपण कोण, हे बाईंनी कधी खोटं सांगितलं नाही. आवाजच सरकारी होता, त्याला त्या काय करणार!

आणि मग तो रविवार आला. दुपारची जेवणं झाली होती. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलेली माझी बायको धावत खाली आली. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला काळ्या धुराचा खांब उभा राहिला होता. प्लास्टिकच्या एका कारखान्याला आग लागली होती. त्या कारखान्यात आमच्या भागातली वीस-पंचवीस माणसं असावीत. पाच मिनिटांत सगळी गल्ली मोबाइल कानाला लावून उभी होती आणि कुणाचाच लागत नव्हता. सगळे एकाच वेळी लावत होते. मग वीजही गेली.

सुनंदा नावाची एक मुलगी होती, शहाद्याकडची, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती अनवाणी बाईंच्या फाटकाशी आली. "ताई, त्यासना फोन लागी नई राह्यना," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्यामागे आणखी माणसं आली. अंगण भरलं.

बाई घरातून बाहेर आल्या. कमरेला हँडसेट, कानाला हेडसेट. आत बॅटरीच्या डब्यावर फोन चालू होता. त्या ओट्यावर बसल्या नाहीत, माणसांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"एकेकाने नाव सांगा. माणसाचं नाव, विभाग, आणि तुम्ही त्याचे कोण. रडायचं नंतर."

एकेकाने सांगितलं. लिहून घ्यायला मी वही आणली होती, पण बाईंना वहीची गरज नव्हती. त्यांनी कारखान्याचा नंबर लावला. कुणी उचलेना. मग अग्निशमन, मग रुग्णालय. बोटं कमरेवरच्या हँडसेटवर न चाचपडता फिरत होती. रुग्णालयातल्या माणसाने आधी उडवून लावलं. बाईंनी आवाज चढवला नाही. "मी थांबते," म्हणाल्या. "तुम्ही रजिस्टर बघून या. मी लाइन सोडणार नाही." आणि खरंच सोडली नाही. त्यांनी जखमींची तीन नावं मिळवली.

त्यातलं एक नाव मागच्या चाळीतलं होतं. त्या मुलाची आई पुढेच उभी होती. तिने बाईंचं मनगट धरलं. "तुमचा मुलगा दवाखान्यात आहे," बाई म्हणाल्या. "हात भाजलेत. तो बोलतोय, पाणी मागतोय, असं नर्स म्हणाली. मी ऐकलं तेवढंच सांगतेय. याहून चांगलं सांगणार नाही, वाईटही लपवणार नाही. निघा." मी त्या मावशींना रिक्षात बसवून दिलं.

सुनंदाच्या नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. दवाखान्यात नाही, म्हणजे बरं की वाईट, ते कुणी बोलेना. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. बाईंनी मान डावीकडे कलती केली. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मागच्या भिंतीला लागून धाग्याचा कारखाना आहे," आणि तिथला नंबर लावला. कितीतरी वर्षांपूर्वी कधीतरी जोडलेला असेल.

फाटकावरच्या रखवालदाराने फोन उचलला. हो, काही माणसं भिंत ओलांडून आत आली होती, आवारात बसली होती. किती, कोण, ते माहीत नव्हतं.

"भैया, फोन मत रखना," बाई म्हणाल्या. "मैं नाम बोलूँगी, आप ज़ोर से पुकारना."

त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. रखवालदार तिकडे ओरडत होता. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त बाईंचा चेहरा दिसत होता. एकेका नावानंतर त्या होकारार्थी मान हलवायच्या आणि अंगणातल्या कुणाचा तरी बांध फुटायचा. सातवं नाव सुनंदाच्या नवऱ्याचं होतं. बाई थांबल्या.

"उसी को फोन दीजिए," बाई म्हणाल्या. त्यांनी पलीकडचा आवाज ऐकला, त्याला त्याचं नाव विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. मग कानाचा हेडसेट काढला, कमरेवरचा हँडसेट सोडवला आणि भिंतीच्या दिशेने हात पुढे केला.

"सुनंदा, ये. तुझाच फोन आहे."

त्या दिवशी बाई अंधार पडायच्या आतच थकून झोपल्या. बाकीचे सगळे सुखरूप निघाले, तीन जखमीही पुढे बरे होऊन आले. त्या मावशींच्या मुलाची दोन बोटं आखडली ती आखडलीच. नंतर गल्लीने बाईंचा सत्कार करायचं ठरवलं. शाल-श्रीफळाची गोष्ट काढल्याबरोबर बाई म्हणाल्या, "शाल आहे माझ्याकडे. फोनला नवे सेल आणा." आम्ही दोन्ही आणलं. सत्काराला तो दुकानदारही आला होता. पुढे कितीतरी दिवस तो येणाऱ्या गिऱ्हाइकाला तोच फोन पुढे करून सांगायचा, "आमच्या बेननी पास केलेला आहे!"

मी सांगतो, आमच्या कचेरीत मोठेमोठे अधिकारी येऊन गेले. त्यांच्या हाताखाली होतो असं मी कुणाला आवर्जून सांगत नाही. बाईंच्या शेजारी राहत होतो, हे मात्र सांगतो.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. सकाळी चहा घेतला आणि तिथेच, खुर्चीत. दापोलीहून भाचा यायला संध्याकाळ होणार होती. तीनची शिफ्ट सुटली आणि कारखान्यातल्या बायका घरी न जाता तशाच इकडे आल्या, गळ्यात ओळखपत्रं, केसांत कापसाचे तंतू. रांग फाटकाबाहेर गेली. पाया पडून प्रत्येक जण थोडी थांबत होती, बाईंच्या कानाशी वाकत होती. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, मी मंगल."

"ताई, मी सुनंदा. पोराला घेऊन आलेय."

"ताई, मी रेखा, बॉबिनवाली."

माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो आणि माझं नाव सांगितलं.